मधुमेह, लाळ आणि प्रथिनाचा तुकडा



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काहींच्या मनात असे आले असेल की, मधुमेहावर बोलायचे तर साखर, भात आणि सकाळचे फिरणे यांवर बोलावे. येथे लाळेचा संबंध काय? शंका रास्त आहे. परंतु संबंध आहे, आणि तो उंदरांमध्ये फार स्पष्ट दिसला आहे. त्या उंदरांना प्रथिनाचा एक लहानसा तुकडा टोचून पाहिला गेला. त्यातून मोठी आशा उत्पन्न झाली. ती आशा माणसांपर्यंत आली. आणि तेथे तिचे जे झाले ते आज सांगावयाचे आहे. ज्या घरात लहान मुलाला रोज इन्शुलिनची सुई टोचावी लागते, त्या घराला हा विषय मुळीच परका नाही. अशा घरी कोणी ना कोणी येऊन सांगतेच की, अमक्या देशात नवे औषध निघाले, आता सुई सोडा. त्या सांगणाऱ्याला कोणते प्रश्न विचारावेत, एवढे जरी आपण आज येथून बरोबर नेले, तरी आमचे काम झाले असे आम्ही समजू.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. आपल्या ओळखीतील बहुतेक मधुमेही मंडळी दुसऱ्या प्रकारातली असतात. त्यांच्या शरीरात इन्शुलिन असते, पण ते पुरेसे लागू पडत नाही, आणि पुढे कमीही पडू लागते. पहिल्या प्रकाराची गोष्ट निराळी. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी प्रकट होतो, जरी कोणत्याही वयात होऊ शकतो. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. त्यात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ते प्रथम वर्णिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात या पेशींचा नाश होतो. आणि तो नाश बाहेरचा शत्रू करीत नाही, शरीराचे स्वतःचे पहारेकरीच करतात.

हे पहारेकरी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही. जंतू आत शिरला की त्याला ओळखून मारणे हे त्यांचे काम. ते ओळखतात कसे, हे समजले म्हणजे पुढचा सारा विषय सोपा होतो. शरीरातील पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे करून एका प्रकारच्या पाटावर मांडतात आणि पहारेकऱ्यांपुढे धरतात. पहारेकरी तुकडा पाहतो. तुकडा परका असेल तर चाल करतो, घरचा असेल तर पुढे जातो. ज्या पहारेकऱ्यांना घरचे आणि परके यांतील भेद कळत नाही, त्यांतील बहुतेकांना शरीर लहानपणीच बाद करते. उरलेल्यांना धाकात ठेवणारे दुसरे पहारेकरी असतात. ही व्यवस्था कोठे ढिली पडली म्हणजे घरच्याच माणसावर काठी पडते. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात, तसाच हा प्रकार. वैद्यकात अशा रोगांना ऑटोइम्यून रोग म्हणतात.

या रोगावर आजही मुख्य आधार इन्शुलिनचाच आहे. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या अर्कावर काम केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क प्रथम टोचला. पहिली सुई फारशी उपयोगी पडली नाही, कारण अर्क अशुद्ध होता. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो अधिक शुद्ध केला, आणि बारा दिवसांनी दिलेल्या अर्काने मुलाची साखर खाली आली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवणे, यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. म्हणून इन्शुलिनचा महिमा कितीही गायला तरी थोडाच. पण इन्शुलिन काय करते? जे संपले ते बाहेरून पुरवते. घरातली भाऊबंदकी ते मिटवीत नाही. ती मिटवावी, आणि ज्या बीटा पेशी अजून शिल्लक आहेत त्या वाचवाव्यात, ही पुढची इच्छा.

त्या इच्छेतून पेप्टाइडची कल्पना आली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिचा लहान तुकडा म्हणजे पेप्टाइड. पहारेकरी ज्या तुकड्यावर बिथरतात, तोच तुकडा त्यांना शांत परिस्थितीत, मोजक्या प्रमाणात दाखवला, तर त्यांची समजूत पटेल काय? ही कल्पना अगदी नवी नाही. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी परागकणांमुळे सर्दी-शिंका होणाऱ्या रोग्यांना त्याच परागांचा अर्क थोडा थोडा टोचून त्यांची सवय करण्याचा उपाय प्रसिद्ध केला होता. तेथे वैर परक्या परागाशी होते, येथे घरच्या प्रथिनाशी आहे, एवढाच फरक. या उपायाचे आकर्षण असे की, तो सगळ्या पहारेकऱ्यांना झोपवीत नाही. सर्वांना झोपवणारी औषधे आहेत, पण मग जंतूंना दार उघडे राहते. पेप्टाइडने केवळ भांडणाऱ्याची समजूत घालावी आणि बाकीचा पहारा चालू ठेवावा, असा हा विचार.

विचार चांगला; पण तो पाहावा कोणावर? येथे उंदीर येतो. जपानमध्ये मोतीबिंदूच्या अभ्यासासाठी वाढवलेल्या उंदरांच्या एका वंशातून अशी पिलावळ निघाली की, ती लठ्ठ नसूनही आपोआप मधुमेही होई. माकिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लठ्ठ नसलेला मधुमेही उंदीर, या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला एन. ओ. डी. उंदीर म्हणतात. त्याच्या स्वादुपिंडाच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशी गोळा होतात, आत शिरतात आणि बीटा पेशींचा फडशा पाडतात. माद्यांमध्ये हा रोग नरांपेक्षा अधिक. माणसाच्या रोगाशी इतके साम्य असलेला प्राणी मिळाल्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पाळला.

पण या उंदरात आणखी एक गोष्ट आढळली. त्याच्या लाळग्रंथींतही तशाच पांढऱ्या पेशींचे थवे जमतात आणि वय वाढते तशी लाळ आटते. म्हणजे एकाच घरात दोन खोल्यांत भांडण! माणसामध्ये लाळेच्या या भांडणाला शोग्रेनचा विकार म्हणतात. स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. डोळे कोरडे, तोंड कोरडे, बहुधा सोबत सांधेदुखी आणि थकवा. आणि रोग्यांत दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया. आपल्याकडे अशा बाईला घरचे म्हणतात, ‘पाणी पीत जा जरा.’ पाणी पिऊन ती लाळ येत नाही, हे तिचे दुःख.

लाळेला आपण क्षुल्लक समजतो. निरोगी माणसात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी. भाकरीचा घास ओला होतो तो लाळेने. चव कळते ती लाळेने. दात किडण्यापासून वाचतात तेही मोठ्या अंशी लाळेनेच. ज्याची लाळ आटली त्याला कोरडी भाकरी म्हणजे शिक्षा होते, रात्री दोनदा उठून घोट घ्यावा लागतो आणि दात एकामागून एक जातात. तेव्हा स्वादुपिंडासाठी दिलेले औषध लाळग्रंथींचे काय करते, हा प्रश्न निव्वळ पंडिती नाही.

दोन्ही भांडणांचे मूळ एकच असेल, असे कोणालाही प्रथम वाटेल. मग एक मिटले की दुसरेही मिटावे. प्रत्यक्षात तसे नाही. शास्त्रज्ञांनी या उंदराच्या वंशात संकर करून, आम्ही मघा ज्याला पाट म्हटले तो पाटच बदलला. तुकडा ज्या पाटावर मांडला जातो तो दुसऱ्या वंशाचा बसवला. त्या नव्या उंदरांना मधुमेह झाला नाही, बेटे शाबूत राहिली. पण लाळग्रंथींत पांढऱ्या पेशी जमतच राहिल्या आणि लाळही कमी झाली. यावरून काय दिसते? दोन्ही भांडणे एका घरची असली, तरी त्यांची कारणे पुरती एक नाहीत. वडिलार्जित शेताचा वाद मिटला म्हणून विहिरीचा वाद मिटत नाही. जो उपाय केवळ बीटा पेशींच्या प्रथिनाला धरून आहे, त्याने लाळ वाचेलच असे गृहीत धरता येत नाही.

आता ज्या तुकड्याची कथा सांगावयाची त्याकडे वळू. १९६२ साली रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाश्यांमध्ये असे दिसले की, पेशींना जास्त उष्णता लागली की त्यांची काही जनुके एकदम कामाला लागतात. त्या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांना पुढे उष्णतेच्या धक्क्याची प्रथिने म्हणू लागले. संकटात सापडलेल्या पेशीतील इतर प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून ती झटतात. त्यांतील एकाचे नाव एच. एस. पी. ६०. ते शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत इरुन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मधुमेही उंदराचे पहारेकरी या प्रथिनावरही रोखलेले असतात, आणि विशेषेकरून त्याच्या चोवीस अमिनो आम्लांच्या एका तुकड्यावर. मूळ माळेतील ४३७ पासून ४६० पर्यंतचे हे मणी. त्या तुकड्याला पी-२७७ असे नाव पडले. १९९१ मध्ये त्यांनी दाखवले की, तो टोचला असता उंदरांचा मधुमेह टळतो. आणि १९९४ मध्ये दाखवले की, रोग बराच पुढे गेलेल्या उंदरांतही तो आवरता येतो.

तो तुकडा एकट्या स्वादुपिंडाचा नाही, तर सर्वत्र आढळणाऱ्या प्रथिनाचा आहे, हे येथे महत्त्वाचे. लाळग्रंथींच्या बाबतीतही तो पाहावा, असे वाटणे साहजिक होते. नॉर्वेतील बर्गेन येथील संशोधकांनी ते केले आणि २००८ साली प्रसिद्ध केले. त्यांनी सात आठवड्यांच्या, म्हणजे लाळ अजून न आटलेल्या उंदरांना अख्खे एच. एस. पी. ६० किंवा त्याचा तोच ४३७ ते ४६० हा तुकडा टोचला. दोन्ही गटांत लाळग्रंथींतील विकृती कमी दिसली. अख्खे प्रथिन मिळालेल्या उंदरांपैकी निम्म्यांची, आणि तुकडा मिळालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश उंदरांची लाळ नेहमीसारखी टिकली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट लावला पाहिजे. मधुमेहासाठी शोधलेला तुकडा लाळेलाही काही अंशी तारू शकतो, ही एक बाजू. तुकडा मिळूनही तीनपैकी दोघांची लाळ वाचली नाही, आणि उपाय रोग जडण्याआधी केला होता, ही दुसरी. पहिली बाजू मोठ्याने सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसरी कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

आता माणसाकडे येऊ. पी-२७७ मधील दोन अमिनो आम्ले बदलून तुकडा टिकाऊ केला आणि त्याला डायापेप-२७७ असे नाव दिले. नुकताच मधुमेह जडलेल्या पस्तीस पुरुषांवर केलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. काहींना औषध दिले, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली सुई. दहा महिन्यांनी औषध घेतलेल्यांच्या शरीरात स्वतःचे इन्शुलिन अधिक टिकलेले आढळले. हे मोजतात सी-पेप्टाइडवरून. बीटा पेशी इन्शुलिन सोडते तेव्हा त्याच्याबरोबर हा तुकडाही सुटतो, म्हणून त्याच्यावरून शरीराचे स्वतःचे इन्शुलिन किती, हे कळते. पस्तीस माणसे म्हणजे अल्पसंख्या. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतील एकीत साडेचारशेहून अधिक रोगी होते, आणि २०१४ मध्ये तिचा निकाल अनुकूल म्हणून छापून आला.

आणि मग त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये औषधाच्या मालक कंपनीनेच जाहीर केले की, औषध तयार करणाऱ्या तिच्या शाखेतील काही मंडळींनी, कोणाला औषध आणि कोणाला रिकामी सुई मिळाली याची माहिती आधीच मिळवून, हिशेब अनुकूल दिसेल असा फिरवला होता. औषधाचे काम थांबवले गेले आणि छापलेला निबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला. श्रोतेहो, चाचणीत रोग्याला आणि वैद्याला अंधारात ठेवण्याचा नियम उगाच केलेला नाही. तराजू धरणाऱ्याला कोणत्या पारड्यात माल आहे हे कळले, की बोट टेकण्याचा मोह होतो. ज्या शेकडो रोग्यांनी विश्वासाने दंड पुढे केला, त्यांच्या त्या विश्वासाचे मोल कोणी द्यायचे? उंदरावरचे प्रयोग या प्रकाराने खोटे ठरत नाहीत. पण माणसावर औषध लागू पडते, हे त्या चाचणीवरून म्हणण्याचा हक्क मात्र कोणालाच उरला नाही.

उंदीर आणि माणूस यांतील अंतरही विसरून चालणार नाही. १९९९ सालापर्यंतच या उंदरांचा मधुमेह टाळण्याचे शंभरावर मार्ग नोंदले गेले होते. माणसासाठी त्यांतला एकही तेव्हा हाती आलेला नव्हता. शिवाय धोकाही आहे. इन्शुलिनचा एक तुकडा पुनःपुन्हा टोचल्यावर याच जातीचे उंदीर प्राणघातक अ‍ॅलर्जीने मेल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्याने समजूत घालायची तोच तुकडा कधी भांडण पेटवतो. म्हणून मात्रा, वेळ आणि मार्ग यांचा विचार अतिशय सावधपणे करावा लागतो.

तर मग आशा सोडावी काय? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये इन्शुलिनच्या मूळ प्रथिनाचा एक तुकडा नुकताच मधुमेह जडलेल्या रोग्यांना सहा महिने टोचला. त्या चाचणीत सत्तावीस माणसे होती आणि ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. उपाय सोसला गेला आणि बीटा पेशींचा नाश त्यामुळे वाढला नाही. हे पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे. त्याच वर्षी तोंडावाटे दिलेल्या इन्शुलिनची मोठी चाचणी मधुमेह टाळण्यात एकंदरीने अपयशी ठरली, हेही सांगितले पाहिजे. जे यश आले ते वेगळ्या मार्गाने. टेप्लिझुमॅब नावाचे प्रतिद्रव्य, जे पेप्टाइड नव्हे आणि पहारेकऱ्यांवर थेट काम करते, त्याने रोगाच्या उंबरठ्यावरील माणसांमध्ये रोगाचे आगमन सरासरीने सुमारे दोन वर्षे लांबवले. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. ज्या आईला आपल्या मुलाला आणखी दोन वर्षे सुईविना शाळेत पाठवता येते, तिला विचारा.

या सर्वांत लाळ कोठे आहे? मधुमेहाच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत मुख्य माप सी-पेप्टाइडचे धरले जाते. लाळ मोजायला मोठे यंत्र लागत नाही. रोग्याला शांत बसवून, काही चघळायला न देता, पंधरा मिनिटे लाळ एका मापाच्या भांड्यात जमवायची. मिनिटाला एक दशांश मिलिलिटर किंवा त्याहून कमी आली, तर शोग्रेनच्या निदानात तो एक पुरावा धरतात. एवढे सोपे माप जेथे भांडण शांत करण्याचा दावा आहे तेथे अवश्य घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. स्वादुपिंडावर लागू पडलेले औषध लाळेवर लागू पडेलच असे नाही, आणि एका ठिकाणी शांत झालेले भांडण दुसरीकडे पेटणार नाही याचीही हमी नाही. इंद्रियागणिक मोजमाप व्हावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याने कोणाच्याही शब्दावर इन्शुलिन बंद करू नये. ते बंद झाल्यास रक्तात आम्ल साचून थोड्याच दिवसांत, कधी काही तासांतही, जिवावर बेतते. दुसरी, मधुमेह्याचे तोंड कोरडे पडले म्हणजे लगेच शोग्रेन समजू नये; साखर वाढली की लघवी वाढते, शरीरातील पाणी जाते आणि तोंड कोरडे पडते. साखर आटोक्यात असूनही कोरडेपणा राहिला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटले किंवा दात भराभर किडू लागले, तर मात्र वैद्याला सांगावे आणि दंतवैद्यालाही दाखवावे. तिसरी, एका ठिकाणी अशी भाऊबंदकी झालेल्या शरीरात दुसरीकडेही ती होऊ शकते; म्हणून अशा मुलांच्या थायरॉईडची आणि गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या विकाराची तपासणी वैद्य वेळोवेळी सुचवतात, ती टाळू नये.

चौथी गोष्ट प्रश्नांची. नव्या औषधाची बातमी आली की विचारावे : हे उंदरात दिसले की माणसात? किती माणसांत? रोग जडण्याआधी की नंतर? कोणाला औषध आणि कोणाला रिकामी सुई, हे मोजणाऱ्याला ठाऊक होते काय? आणि मोजले ते कोणत्या इंद्रियाचे? या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल त्याचे अवश्य ऐकावे. जो चिडेल, त्याला नमस्कार करून दार लावावे.

प्रथिनाचा तो तुकडा अजून माणसाचा मधुमेह मिटवू शकलेला नाही, आणि आटलेली लाळही त्याने परत आणलेली नाही. परंतु आपल्या शरीरात भांडण कसे पेटते आणि एका खोलीतले भांडण दुसऱ्या खोलीतल्याहून वेगळे कसे असू शकते, हे त्याने शिकवले. पुढचे औषध निघेल ते याच शिकवणीवर निघेल, असा आमचा विश्वास आहे. तोपर्यंत मुलाची सुई वेळेवर, त्याचे जेवण वेळेवर, आणि घरातील मंडळींचे डोके ठिकाणावर, एवढे आपल्या हातात आहे.